ज्या खाणीला थांबता येतं

अलास्काच्या वायव्य कोपऱ्यात, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, ८४ किलोमीटर लांबीचा एक खडीचा रस्ता आहे. देशातल्या दुसऱ्या कुठल्याच रस्त्याला तो जोडलेला नाही. एका टोकाला डोंगरातली रेड डॉग नावाची जस्ताची खाण, दुसऱ्या टोकाला चुक्ची समुद्रावरचं छोटं बंदर, आणि मध्ये फक्त टुंड्रा. या रस्त्यावरून कडाक्याच्या थंडीत, सूर्य न उगवणाऱ्या दिवसांतही, शंभर टनांहून जास्त माल ओढणारे ट्रक ये-जा करत असतात. आणि वर्षातून काही वेळा हे सगळे ट्रक जागच्या जागी उभे राहतात, कारण कॅरिबू हरणांचे कळप रस्ता ओलांडायला आलेले असतात. शेवटचं जनावर पलीकडे जाईपर्यंत चालकाने थांबायचं, हा खाणीचा नियम आहे.

बंदरावरची गोष्ट तर त्याहून थक्क करणारी. तिथला समुद्र वर्षातले जेमतेम शंभर दिवस बर्फमुक्त असतो. वर्षभर काढून कोठारात साठवलेला सगळा माल तेवढ्या दिवसांत जहाजांवर चढवायचा असतो, म्हणजे एकेक दिवस मोलाचा. तरीही मोसमातलं पहिलं जहाज लगेच आत येत नाही. जवळच्या किव्हालिना गावच्या शिकाऱ्यांची बेलुगा देवमासे आणि सील यांची शिकार आटोपली, असा निरोप मिळावा लागतो. मग जहाजांना वाट मोकळी होते.

एका दिवसाची किंमत काय असू शकते, याचा अंदाज २०१४ मध्ये डॅनियल फ्रँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून येतो. तीन ते पाच अब्ज डॉलर भांडवलाचा मोठा खाणप्रकल्प लोकांशी झालेल्या संघर्षामुळे अडला, तर उत्पादन लांबल्याचा फटका आठवड्याला सुमारे दोन कोटी डॉलरचा असतो, असं त्यांना आढळलं. मग एक कंपनी आपणहून, दरवर्षी, हरणांसाठी आणि शिकाऱ्यांसाठी का थांबते? आणि थांबूनही ती तीन दशकांहून जास्त काळ चालू कशी राहते?

जगभरच्या खाणींच्या कहाण्या वाचत गेलो तसं मला एक विलक्षण सूत्र दिसू लागलं. ज्या खाणीला गावकरी खरोखर ‘थांब’ म्हणू शकतात, तीच खाण टिकण्याची शक्यता जास्त. उलट वाटावं असं हे आहे. कंपन्यांना, सरकारांनाही, नेहमी वाटत आलं की लोकांच्या हातातली थांबवण्याची ताकद जितकी कमी, तितका प्रकल्प सुरक्षित. घडलेल्या गोष्टी मात्र दुसरंच सांगतात.

रेड डॉगच्या ओढ्यांचा रंगच मुळात गंजासारखा तांबडा होता. डोंगरातलं खनिज इतकं पृष्ठभागाजवळ की माणसाने कुदळ मारण्याआधीच ते पाण्यात उतरत होतं. ओढ्याच्या काही भागांत मासे जगतच नव्हते. बॉब बेकर नावाच्या वैमानिकाने विमानातून हे डाग पाहिले, आणि त्याच्याबरोबर हिंडणाऱ्या तांबड्या कुत्र्यावरून ओढ्याला नाव पडलं. १९७१ मध्ये अमेरिकन संसदेने अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या दाव्यांवर कायदा केला. त्यातून ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर मूळ रहिवाशांच्या नव्या कंपन्यांकडे गेले. वायव्येकडच्या इनुपियाट लोकांच्या वाट्याला आलेली कंपनी म्हणजे ‘नाना’. गावातली माणसंच तिची भागधारक. हा डोंगर तिच्याकडे आला तो जमिनीखालच्या खनिजासकट.

इथेच सगळा खेळ बदलतो. इनुपियाट माणसाचं जगणं कॅरिबू, सील आणि माशांवर. सुरुवातीला त्यांचा कल नकाराचाच होता. काही वर्षं भागधारकांमध्ये विचारविनिमय झाला, ज्येष्ठांचं मत घेतलं गेलं, आणि १९८२ मध्ये कोमिन्को या कॅनेडियन कंपनीशी करार झाला. उत्पादन सुरू व्हायला १९८९ उजाडलं. करारातल्या पैशाच्या बाजूकडे पाहा: कंपनीचं भांडवल वसूल होईपर्यंत ‘नाना’ला साडेचार टक्के स्वामित्वधन. २००७ मध्ये ती वसुली पूर्ण झाल्यावर निव्वळ उत्पन्नाचा २५ टक्के वाटा, आणि दर पाच वर्षांनी त्यात आणखी ५ टक्क्यांची भर, थेट निम्म्यापर्यंत. म्हणजे खाण जितकी म्हातारी, तितका गावाचा हिस्सा मोठा. बहुतेक खाणींमध्ये सुरुवातीला भपका, नोकऱ्या, समारंभ आणि शेवटी ओसाड खड्डा असा क्रम असतो. इथे वेळेची दिशाच उलटी लावली आहे. शिवाय १९७१ च्याच कायद्यातल्या एका कलमाप्रमाणे या उत्पन्नातला ७० टक्के भाग अलास्कातल्या इतर मूळ रहिवासी कंपन्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो. स्वतःच्या डोंगरातलं धन हजार किलोमीटरवरच्या अनोळखी गावांनाही पोचतं.

पण मला पैशापेक्षा महत्त्वाची वाटते ती एक समिती. किव्हालिना आणि नोआटक या दोन गावांतल्या जाणत्या शिकाऱ्यांची. रस्ता कुठून न्यायचा, ट्रक कधी थांबवायचे, जहाजं कधी येऊ द्यायची, यात तिचा शब्द चालतो. बर्फ कसा फुटतोय, बेलुगा कुठपर्यंत आलेत, हे या माणसांना कुठल्याही अहवालाविना कळतं. अब्जावधी डॉलरच्या यंत्रणेच्या वेळापत्रकात त्यांच्या डोळ्यांना अधिकृत जागा दिली गेली.

सगळं गोड आहे असं मुळीच नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या अभ्यासात रस्त्याकडेच्या शेवाळात शिसं आणि कॅडमियम सापडलं. ताडपत्री झाकलेल्या ट्रकमधून खनिजाची धूळ उडत होती. त्यानंतर पोलादी झाकणं आली. २००४ मध्ये किव्हालिनाच्या काही रहिवाशांनी सांडपाण्यावरून कंपनीवर खटला भरला, तो २००८ मध्ये तडजोडीने मिटला. आणि गळ्यात उपग्रह-पट्टे बांधलेल्या कॅरिबूंचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की ट्रक थांबत असूनही साधारण तीनपैकी एक जनावर रस्त्यापाशी बिचकतं. इतरांना दोन-तीन दिवसांत जमणारं ओलांडणं जमायला त्याला महिनाभर लागतो. शिकारी हेच कित्येक वर्षं सांगत होते. म्हणजे लोकांनी खाण स्वीकारली याचा अर्थ ते तिच्यावर खूश आहेत असा नाही. ते भांडतात, खटले भरतात, समितीत आवाज चढवतात, आणि तरी खाण चालते. मला तर वाटतं, भांडायला अशी अधिकृत जागा आहे म्हणूनच ती चालते.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, पॅसिफिक महासागरातल्या बोगनव्हिल बेटावर जाऊ. भूगोलाने ते सॉलोमन द्वीपसमूहाचं, पण वसाहतींच्या वाटणीत पापुआ न्यू गिनीच्या पदरात पडलेलं. १९६० च्या दशकात तिथे ऑस्ट्रेलियाचा कारभार होता. १९६४ मध्ये पांगुना नावाच्या डोंगरी भागात एका खाणकंपनीचे भूशास्त्रज्ञ तांब्याचा शोध घेऊ लागले. आजूबाजूच्या नासिओई लोकांना ही माणसं नक्की काय शोधताहेत हेही नीट कळलेलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने जमीन वरपासून खालपर्यंत एकच. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याप्रमाणे मात्र माती गावाची आणि तिच्या पोटातलं खनिज सरकारचं. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मंत्री चार्ल्स बार्न्स बेटावर आले तेव्हा लोकांना हेच ऐकवलं गेलं: फायदा साऱ्या पापुआ न्यू गिनीचा, तुमच्यासाठी खास असं काही नाही.

बेटाचे प्रतिनिधी पॉल लापुन यांनी तिथल्या सभागृहात झगडून एक दुरुस्ती मंजूर करून घेतली. सरकारला मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा ५ टक्के भाग जमीनमालकांना द्यायचा. स्वामित्वधन होतं मालाच्या किमतीच्या सव्वा टक्का. गणित करून पाहा: सोळाशे रुपयांचं तांबं विकलं की जमीनमालकाला एक रुपया. आणि तोही झगडून मिळवलेला.

त्याहून खोल चूक वेगळीच होती. बोगनव्हिलच्या बहुतेक भागांत जमिनीचा वारसा आईकडून मुलीकडे जातो. जमिनीची राखण स्त्रिया करतात; पुरुष सभेत बोलतात, पण त्यांच्या शब्दामागे घरातल्या स्त्रियांची संमती असावी लागते. कंपनीचे आणि सरकारचे अधिकारी आले ते आपल्या सवयीप्रमाणे पुरुषांशी बोलले. ज्यांच्याकडून ‘हो’ घ्यायचं होतं त्यांना विचारलंच गेलं नाही. १९६९ च्या ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या रोरोवाना गावात बंदरासाठी जमीन घ्यायला मोजणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, तेव्हा त्या उपटायला स्त्रियाच पुढे आल्या. लाठ्या आणि अश्रुधूर घेतलेले पोलीस आणि त्यांच्यासमोर या स्त्रिया, अशी छायाचित्रं ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांत झळकली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. खाण सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. संमती नाही, हे जमिनीच्या खऱ्या मालकिणींनी उघड्यावर सांगितलं होतं. ऐकायची संधी होती.

१९७२ मध्ये पांगुना सुरू झाली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या तांबेखाणींपैकी एक ठरली. सतरा वर्षांत तिने सुमारे ३० लाख टन तांबं आणि ३०० टनांवर सोनं दिलं. पापुआ न्यू गिनीच्या एकूण निर्यातीतला जवळपास ४५ टक्के हिस्सा या एका खड्ड्यातून येत होता. १९७५ मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचा संसार या खाणीवर उभा होता.

इथे भूगर्भशास्त्राकडे क्षणभर बघायलाच हवं, कारण समाजाची संमती किती अवघड जाणार हे बऱ्याचदा दगडच ठरवतो. रेड डॉगच्या दगडात जस्ताचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर. पांगुनाच्या दगडात तांबं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दोनशे किलो दगड फोडून दळायचा, तेव्हा हाती एक किलो तांबं. उरलेला १९९ किलो चुरा, तांदळाच्या पिठीसारखा बारीक, कुठेतरी टाकावा लागतो. पांगुनात तो नदीत सोडला गेला. सतरा वर्षांत एक अब्ज टनांहून जास्त कचरा कावेराँग आणि जाबा नद्यांच्या खोऱ्यांत गेला. पात्रं भरून वर आली, पाणी शेतांत शिरलं, मासे गेले, नदीच्या मुखाशी समुद्रात नवी जमीन तयार झाली. नदीकाठची कुटुंबं आपली कोकोची झाडं राखाडी गाळात मरताना पाहत राहिली.

आणि पैसे? सतरा वर्षांच्या मिळकतीचा हिशेब कंपनीच्याच आकड्यांतून मिळतो. सुमारे ६१ टक्के राष्ट्रीय सरकारकडे, ३३ टक्के इतर भागधारकांकडे, ४ टक्क्यांवर बोगनव्हिलच्या प्रांतिक सरकारकडे, आणि जमीनमालकांकडे १.४ टक्के.

या कहाणीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील एका कलमाचा आहे. १९७४ मध्ये खाणीचा करार नव्याने झाला, देशाला जास्त वाटा मिळाला, आणि दर सात वर्षांनी फेरविचार करायचा असं त्यात शहाणपणाने लिहिलं गेलं. १९८१ साल आलं. राष्ट्रीय आणि प्रांतिक सरकारांचं आपसात जमेना, फेरविचार झाला नाही. १९८८ आलं. तेव्हाही झाला नाही. कागदावर थांबून विचार करायची जागा होती, ती कुणी वापरलीच नाही. दरम्यान १९८० च्या भरपाई-कराराचे पैसे कुणाला मिळतात यावरून खुद्द गावांत फूट पडली होती. करारावर सह्या करणारी पिढी उतारवयाला आली होती, आणि खाणीच्या सावलीत जन्मलेल्या मुलांना त्यात वाटा नव्हता. त्या मुलांची संमती कुणी, कधी घेतली होती?

१९८७ मध्ये या तरुणांनी जमीनमालकांची नवी संघटना उभारली. अध्यक्ष पर्पेच्युआ सेरेरो ही स्त्री, आणि सचिव तिचे नात्यातले भाऊ फ्रान्सिस ओना, जे स्वतः खाणीतच नोकरीला होते. १९८८ मध्ये त्यांनी धरणं धरलं, मागण्या मांडल्या, दहा अब्ज किना (तिथलं चलन) भरपाई मागितली. त्यांच्या रेट्याने न्यूझीलंडच्या एका सल्लागार संस्थेकडून पर्यावरणाचा अभ्यास झाला. नोव्हेंबरमध्ये अहवाल सभेत मांडला गेला. हानी मोठी आहे, पण खाणीच्या रसायनांमुळे आजार होतात याला पुरावा नाही, असा त्याचा रोख होता. ओना सभेतून उठून गेले. त्यानंतर काही दिवसांतच खाणीच्या कोठारातली स्फोटकं पळवली गेली आणि विजेचे मनोरे कोसळू लागले. १५ मे १९८९ रोजी पांगुना बंद पडली.

ती आजतागायत बंद आहे. लष्कर आलं, बेटाची नाकेबंदी झाली, औषधांविना माणसं मेली, बेटावरचे लोकही एकमेकांविरुद्ध लढले. जवळपास दहा वर्षं चाललेल्या त्या यादवीत दहा हजारांहून जास्त जीव गेले, असा अंदाज आहे. २००१ मध्ये शांतता करार झाला आणि २०१९ च्या सार्वमतात जवळपास ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. रिओ टिंटो या मूळ कंपनीने २०१६ मध्ये आपला बहुमताचा हिस्सा सोडून दिला. २०२० मध्ये १५६ रहिवाशांनी ऑस्ट्रेलियात तक्रार केली तेव्हा कुठे नदीखोऱ्यांतल्या हानीची शास्त्रशुद्ध पाहणी करायला ती तयार झाली.

बोगनव्हिलच्या लोकांनी यातून काढलेला निष्कर्ष मात्र खाणच नको असा नव्हता. त्यांनी २०१५ मध्ये स्वतःचा खाणकायदा केला. खनिजाची मालकी परंपरागत जमीनमालकांची, आणि त्यांना नकाराचा हक्क दोनदा: शोध सुरू होण्याआधी एकदा, खोदकामाआधी पुन्हा एकदा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये पांगुनाच्या शोध-परवान्यावर सुनावणी झाली. जमीनमालक जवळपास निम्मे-निम्मे विभागले गेले होते. बेटाच्या सरकारने जानेवारी २०१८ मध्ये परवाना वाढवून द्यायला नकार दिला, कारण मतभेद एवढे असताना पुढे जाणं म्हणजे जुनी आग पेटवणं. पांगुना पुन्हा उघडण्याची बोलणी आज तिथे चालू आहेत. स्वतंत्र देश चालवायला पैसा लागतो, हे त्या लोकांना इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळतं.

माणसाच्या मनात असं काय आहे की ‘थांब’ म्हणता येणं त्याला एवढं महत्त्वाचं वाटतं? मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध खाणींपासून फार दूर, प्रयोगशाळेत घेतला. १९७५ मध्ये जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी न्यायदानाच्या पद्धतींवर प्रयोग करून दाखवलं की निकाल विरुद्ध गेला तरी आपली बाजू मांडायला मिळाली असेल तर माणसं तो जास्त न्याय्य मानतात. १९९० मध्ये अ‍ॅलन लिंड आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक काम दिलं. काहींना उद्दिष्ट ठरवण्याआधी मत विचारलं, काहींना ठरवून झाल्यावर, काहींना विचारलंच नाही. ठरवून झाल्यावर, म्हणजे काहीही बदलणार नसताना विचारलेल्यांनाही, न विचारलेल्यांपेक्षा व्यवहार जास्त न्याय्य वाटला! आधी विचारलेल्यांना अर्थातच सर्वांत जास्त. नुसतं ऐकून घेतल्यानेही मन निवतं, हा माणसाचा किती मऊ आणि किती धोकादायक गुण आहे. कारण त्याचा गैरफायदा घेता येतो: मंडप घाला, ध्वनिक्षेपक लावा, लोकांना बोलू द्या, आणि जे ठरलंय तेच करा.

एखाद्या दिवसापुरतं हे चालतं. पण खाण चाळीस वर्षं चालते. रॉबर्ट फोल्जर यांनी १९७७ मध्ये दाखवलेली बाजू इथे लागू पडते: बोलायला मिळतं पण बोलण्याने काहीच हलत नाही, असं माणसाला वारंवार दिसलं, की त्याचा संताप कधीच बोलू न दिलेल्या माणसापेक्षाही वाढू शकतो. पांगुनाची सतरा वर्षं म्हणजे या प्रयोगाचं महाभयंकर रूप वाटतं मला. ऑस्ट्रेलियात किरेन मॉफट आणि आयराँग झँग यांनी कोळशाच्या थरातला वायू काढणाऱ्या प्रकल्पाच्या परिसरात लोकांची मतं काही काळाच्या अंतराने दोनदा घेतली, आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. कंपनीची माणसं किती वेळा भेटली याला फारसं महत्त्व नव्हतं. भेट कशी झाली, आणि निर्णयात आपलं म्हणणं धरलं जातं असं लोकांना वाटलं का, यावर विश्वास ठरत होता. आणि विश्वासावर स्वीकार.

उद्योगाला हे उशिरा का होईना कळलं, तेही एका नदीमुळे. १९९६ मध्ये फिलिपिन्सच्या मारिंदुके बेटावर एका जुन्या खड्ड्यातला गाळ बोगदा फुटून बोआक नदीत उतरला. त्या खाणीत प्लेसर डोम या कॅनेडियन कंपनीचा वाटा होता. पुढच्याच वर्षी तिचे अधिकारी जिम कूनी जागतिक बँकेच्या बैठकीत म्हणाले की सरकारच्या परवान्याबरोबर खाणीला समाजाचाही परवाना लागतो. ही कल्पना तेव्हापासून साऱ्या खाणजगताने उचलली. फक्त हा दुसरा परवाना कुठल्या कार्यालयात मिळत नाही, आणि तो रद्द झाल्याची नोटीसही येत नाही.

आपल्याकडे ओडिशातल्या नियमगिरीने हे जगाला दाखवलं. वेदांत कंपनीने डोंगराच्या पायथ्याशी लांजीगडला वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा शुद्धीकरण कारखाना उभा केला, तोही डोंगरावरच्या बॉक्साइटला परवानगी मिळण्याआधी. डोंगरमाथा म्हणजे डोंगरिया कोंध लोकांच्या नियमराजा या देवाचं ठाणं. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वनहक्क कायद्याखालचे, देवस्थानाचे हक्कसुद्धा, ग्रामसभांपुढे ठेवा. राज्य सरकारने शंभरावर गावांतून बारा निवडली. जुलै-ऑगस्टच्या पावसात, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत, एकेका पाड्यावर सभा झाली. बाराच्या बारा सभांनी नकार दिला. काही पाड्यांवर तर मोजकीच घरं होती. त्यांच्या शब्दावर सुमारे सात कोटी टन खनिज डोंगरातच राहिलं, आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रस्ताव फेटाळला. हे वाचताना आजही माझे डोळे विस्फारतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न गडचिरोलीचा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं आहे. माडिया गोंडांसाठी तो ठाकुरदेवाचा डोंगर. काहींना खाणीतून रोजगार मिळाला, तर २०२३ मध्ये तोडगट्टा गावात नव्या खाणींविरुद्ध महिनोन्‌महिने ठिय्या चालला. दोन्ही बाजूंची माणसं त्याच गावांतली आहेत, आणि त्या दोघांना एकत्र बसून ‘पुढे’ किंवा ‘थांबा’ म्हणता येईल अशी जागा कायद्याने किती दिली आहे, हे नीट पाहण्यासारखं आहे. पर्यावरण मंजुरीसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते, पण तिला गणपूर्तीची अट नाही आणि तिथे मतदान नसतं; म्हणणं नोंदवून घेतलं जातं. खनिज प्रतिष्ठानात स्वामित्वधनाच्या १० किंवा ३० टक्क्यांएवढी रक्कम जिल्ह्याच्या वाट्याला येते, आणि ती खरोखर मोठी सोय आहे, पण तो पैशाचा प्रश्न झाला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक केली, पण फक्त गौण खनिजांसाठी, म्हणजे वाळू, मुरूम, दगड. लोह आणि बॉक्साइट त्यात येत नाहीत. तिथे जमीन संपादताना विचारविनिमय करायचा, एवढंच.

मोठ्या खनिजांच्या बाबतीत ग्रामसभेचा जोर आला तो वनहक्क कायद्याच्या वाटेने. जुलै २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितलं की वनजमीन खाणीला वळवण्याच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती हवी. नियमगिरीचा निकाल याच वाटेवरचा. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी क्रम बदलला: केंद्र आधी अंतिम मंजुरी देऊ शकतं, आणि वनहक्कांची पूर्तता करून घेण्याची जबाबदारी त्यानंतर राज्य सरकारकडे जाते. गावाला विचारायचं कलम कायद्यात कायम आहे. फक्त लिंड यांच्या प्रयोगातल्या विद्यार्थ्यांप्रमाणे, आधी विचारलेल्यांच्या गटातून गाव नंतर विचारलेल्यांच्या गटात सरकलं आहे.